खाडीपलीकडचें मत

१

प्रत्येक प्रौढ नागरिकास एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, हें लोकशाहीचें आद्य सूत्र आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. यांतील पहिला भाग आपल्या देशांत १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून खरा ठरला. दुसरा भाग मात्र नकाशावर अवलंबून असतो. एका मतदारसंघांत दोन लाख माणसें राहत असतील आणि शेजारच्या मतदारसंघांत पांच लाख, तरी दोन्हीकडून विधानसभेंत एकेकच प्रतिनिधि जावयाचा; म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या माणसाचें मत पहिल्या ठिकाणच्या मताच्या निम्म्याहून कमी मोलाचें झालें. त्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नसतो. मतदानाच्या दिवशीं त्याच्या बोटास शाईही लागते. तरी त्याच्या पदरांत पडतें तें अर्धेंच माप.

असा अन्याय कसा उत्पन्न होतो याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. ओल्ड सेरम नांवाच्या टेकडीवर पूर्वीं एक नांदतें गांव होतें. तेराव्या शतकांत तेथील वस्ती पायथ्याच्या सपाटीवर नव्यानें वसलेल्या सॅलिस्बरी गांवीं उतरली आणि टेकडी हळूहळू ओसाड पडली; परंतु ओल्ड सेरमचे दोन प्रतिनिधि पार्लमेंटांत १८३२ पर्यंत जात राहिले. उलट, कापडाच्या गिरण्यांनीं गजबजलेल्या मँचेस्टरास त्या सालापर्यंत स्वतःचा एकही प्रतिनिधि नव्हता. आरंभीं यांत कोणाचें कपट नव्हतें. माणसें हललीं, रेषा हलली नाहीं. आणि न हललेल्या रेषेचा लाभ ज्यांस मिळत होता त्यांनीं पुढें ती हलूं दिली नाहीं.

त्याच देशांत पन्नास वर्षांनीं उपनगरांचा प्रश्न पुढें आला. १८८५ च्या फेरवांटणीच्या कायद्यानें बहुतेक मतदारसंघ एकेका प्रतिनिधीचे झाले. त्यापूर्वीं उदारमतवादी पक्षाचे ग्लॅडस्टन आणि हुजूरपक्षाचे लॉर्ड सॅलिस्बरी यांच्या पक्षांमध्यें ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत सॅलिस्बरींनीं एक गोष्ट अचूक हेरली होती. शहराभोंवतीं टुमदार घरांतून राहूं लागलेल्या नव्या मध्यमवर्गास शहरांतील मजूरवस्तीपासून निराळा मतदारसंघ मिळाला, तर तो आपल्या पक्षाच्या मागें उभा राहील, हा त्यांचा होरा होता आणि पुढील निवडणुकांनीं तो खरा ठरविला. रेषा कोठून जाते यावर कोण निवडून येतो हें ठरतें, आणि उपनगर ही राजकारणांतील एक स्वतंत्र शक्ति आहे, हे दोन धडे त्या प्रकरणांत एकदमच मिळाले.

आपल्याकडे हाच प्रश्न अभ्यासावयाचा तर मुंबईचें उदाहरण फार बोधप्रद आहे. येथें पक्षांची तडजोड नव्हती आणि कोणा धूर्त मुत्सद्द्याचा होराही नव्हता. येथें जें घडलें तें रेषा कशाही आंखल्यानें घडलें नाहीं. ती तीस वर्षें मुळींच न आंखल्यानें घडलें.

२

मुंबई बेट आणि साष्टी बेट यांच्यामध्यें माहीमची खाडी आहे. शीवचा बांध १८०५ सालीं आणि माहीमचा १८४५ सालीं पुरा होऊन हीं दोन बेटें जोडलीं गेलीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवूं लागली. तरीही शहर म्हणजे खाडीच्या अलीकडचें बेट, अशीच सर्वांची समजूत होती. साष्टी ही ठाणें जिल्ह्यांत मोडे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा म्हणून तिचा एक भाग निराळा काढण्यांत आला, पण वांद्रें, कुर्ला वगैरे गांवांच्या नगरपालिका स्वतंत्रच राहिल्या. त्या काळीं ‘उपनगर’ या शब्दानें सामान्य गिरगांवकराच्या मनांत जें चित्र उभें राही, तें खाडीच्या अलीकडलेंच होतें. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर, माटुंगा, शीव या भागांत रस्ते पाडून जी नवी वसाहत उठविली, तेथें बिऱ्हाड नेणारा माणूस त्या वेळीं शहराबाहेर गेला असेंच समजलें जाई.

पुढें महापालिकेची हद्द १९५० सालीं आणि पुन्हा १९५७ सालीं वाढून पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत गेली. १९५१ च्या जनगणनेंत बेटावर सुमारें २३ लाख २९ हजार वस्ती होती आणि उपनगरांत अवघी ६ लाख ६५ हजार. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकींत ‘मुंबई उपनगर’ या नांवाचा एकच मतदारसंघ होता; तेथून श्रीमती जयश्री रायजी निवडून गेल्या. शहराच्या देहास जोडलेलें एक शेपूट, याहून अधिक महत्त्व त्या वेळीं उपनगरांस नव्हतें, आणि आंकडे पाहतां तें फारसें अन्यायाचेंही नव्हतें.

दहा वर्षांत हें चित्र पालटूं लागलें. १९६१ सालीं उपनगरांची वस्ती दुपटीहून अधिक, म्हणजे १३ लाख ८० हजार झाली. १९५७ व १९६२ सालीं कृष्ण मेनन ज्या उत्तर मुंबईंतून लोकसभेवर गेले, ती १९६० नंतरच्या फेररचनेंत एका प्रतिनिधीस आवरेनाशी झाली आणि १९६७ च्या निवडणुकींत ईशान्य व वायव्य असे निराळे मतदारसंघ दिसूं लागले. त्या वर्षीं मेनन ईशान्य मुंबईंतून स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. त्या पराभवाचें मुख्य कारण काँग्रेसशीं झालेली फारकत हें होतें. पण दहा वर्षांपूर्वीं ज्या भागास राजकीय नकाशांत जेमतेम जागा होती, तो भाग आतां देशाचें लक्ष वेधणाऱ्या लढतीचें रणांगण झाला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

येथपर्यंत घटनाकारांची योजना ठीक चालली होती. घटनेच्या ८२ व्या व १७० व्या कलमांचा मूळ हेतु असा कीं, दर जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्यानें आंखाव्या, म्हणजे माणसें जेथें गेलीं तेथें त्यांच्यामागून प्रतिनिधित्वही जाईल. त्याप्रमाणें १९५२, १९६३ आणि १९७३ या सालीं आयोग नेमले गेले. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली जी रचना १९७६ सालीं पुरी झाली, ती तपासून पाहिली तर तिच्या नेमकेपणाचें कौतुक वाटतें. महाराष्ट्राची वस्ती ५ कोटी ४ लाख. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका जागेमागें सुमारें पावणेदोन लाख माणसें. बेटाची वस्ती ३० लाख ७० हजार, त्यास कुलाब्यापासून धारावीपर्यंत १७ जागा. उपनगरांची वस्ती सुमारें २९ लाख, त्यांसही वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत १७ जागा. पलीकडच्या ठाणें जिल्ह्यांत २२ लाख ८२ हजार वस्ती, त्यास १३ जागा. खाडीच्या अलीकडचें मत आणि पलीकडचें मत यांची तागडी त्या दिवशीं जवळजवळ समतोल होती.

३

नेमकें त्याच वर्षीं घड्याळ थांबविण्यांत आलें. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें असें ठरविलें कीं, २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत १९७१ चेच आंकडे प्रमाण मानावे. यामागील कारण त्या सालच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणांत सांपडतें. ज्या राज्यांनीं कुटुंबनियोजनाचें काम निष्ठेनें केलें त्यांच्या लोकसभेंतील जागा घटाव्या आणि ज्यांनीं तें केलें नाहीं त्यांच्या वाढाव्या, हें उघडच अन्यायाचें झालें असतें. राज्याराज्यांमधील वांटणीपुरता हा युक्तिवाद सबळ आहे, आणि आजही त्याचें बळ कमी झालेलें नाहीं.

परंतु त्या दुरुस्तीनें राज्याराज्यांमधील वांटणीबरोबरच राज्याच्या आंतील रेषाही गोठविल्या; आणि तेथें या युक्तिवादाचा कांहींएक संबंध पोंचत नव्हता. गिरगांवांतील माणसांनीं कुटुंबनियोजन केलें आणि बोरिवलीच्या माणसांनीं केलें नाहीं, म्हणून बोरिवली वाढली असें कोणीही म्हणणार नाहीं. बोरिवली वाढली ती गिरगांवचीच माणसें तेथें राहावयास गेलीं म्हणून, आणि कोंकणांतून, घाटावरून व परप्रांतांतून येणाऱ्यास बेटावर जागा उरली नाहीं म्हणून. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळें जुना भाडेकरू आपली खोली सोडीना आणि नव्यास पागडी दिल्यावांचून खोली मिळेना. गृहनिर्माण मंडळानें विक्रोळीस कन्नमवार नगर, घाटकोपरास पंतनगर, चेंबुरास टिळकनगर अशा वसाहती उभारल्या त्या खाडीपलीकडेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि लालबाग-परळच्या कितीतरी कुटुंबांचें तेथें राहण्याचें मूळ प्रयोजनच सरलें.

या स्थलांतराचा परिणाम आंकड्यांत पाहण्यासारखा आहे. बेटाची वस्ती १९८१ सालीं ३२ लाख ८५ हजार, १९९१ सालीं ३१ लाख ७५ हजार आणि २००१ सालीं ३३ लाख ३८ हजार. म्हणजे तीस वर्षांत ती जवळजवळ होती तेथेंच राहिली. उपनगरांची वस्ती त्याच वर्षीं अनुक्रमें ४९ लाख ५८ हजार, ६७ लाख ५१ हजार आणि ८६ लाख ४० हजार. ती तिप्पट झाली. जागा मात्र इकडे १७ आणि तिकडेही १७. १९९० सालीं मुंबईचे शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले, स्वतंत्र जिल्हाधिकारी आले. तरी मतदारसंघाची रेषा हलली नाहीं. १९७८ पासून २००४ पर्यंत विधानसभेच्या सात निवडणुका याच एका नकाशावर झाल्या.

आतां याचा एका कुटुंबापुरता हिशेब करून पाहूं. गिरगांवच्या एखाद्या चाळींत दोन खोल्यांत राहणारें कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. धाकटा मुलगा आईवडिलांजवळ चाळींतच राहिला. थोरल्यानें बोरिवलीस घर घेतलें. मधल्यास तेंही परवडलें नाहीं म्हणून तो ठाणें जिल्ह्यांत डोंबिवलीस गेला. तिघेही सकाळीं कदाचित् एकाच कचेरींत कामास येत असतील. २००१ च्या जनगणनेप्रमाणें बेटावर एका आमदारामागें सरासरी १ लाख ९६ हजार माणसें होतीं, उपनगरांत ५ लाख ८ हजार आणि ठाणें जिल्ह्यांत ६ लाख २५ हजार. धाकट्याचें मत एक रुपयाचें धरलें, तर थोरल्याचें ३९ पैशांचें आणि मधल्याचें ३१ पैशांचें झालें. एका आईच्या तीन मुलांत हा भेद कशानें पडला? तर आगगाडीनें रोज किती स्टेशनें ओलांडावीं लागतात यानें. जो अधिक लांब गेला, ज्याचा दिवसांतला अधिक वेळ गाडीच्या दांडीस लोंबकळण्यांत गेला, त्याचेंच मत अधिक हलकें झालें.

मत हलकें झाल्यानें नित्याच्या व्यवहारांत काय बिघडतें, असें कोणी विचारील. आमदारास आपल्या मतदारसंघांतील लहान कामांसाठीं जो स्थानिक विकासनिधि मिळतो, तो प्रत्येक आमदारास सारखाच असतो. तोच निधि बेटावर दोन लाखांस पुरवावयाचा आणि पलीकडे पांच लाखांस. आमदाराच्या दारीं तक्रार घेऊन जाणाऱ्यांची रांग पलीकडे अडीचपट लांब. विधानसभेंत पाण्याचा, गटाराचा, उड्डाणपुलाचा प्रश्न विचारणारे दोन्हीकडचे आवाज सारखेच, पण एकीकडे त्यांच्या पाठीशीं ३३ लाख माणसें आणि दुसरीकडे ८६ लाख. उपनगरांचे सारे हाल याच एका कारणानें झाले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; रेल्वे केंद्राकडे, रस्ते महापालिकेकडे, जमीन नाना सरकारी खात्यांकडे, अशा वांटणीचाही त्यांत मोठा भाग आहे. परंतु गरज जेथें सर्वांत वेगानें वाढत होती, नेमका तेथेंच आवाज वाढूं दिला गेला नाहीं, एवढें तरी मान्य करावें लागेल.

४

२००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीनें यांतून एक मध्यम मार्ग काढला. प्रत्येक राज्यास मिळणाऱ्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेलीच ठेवावी, पण राज्याच्या आंतील सीमा मात्र नव्यानें आंखाव्या, असें तिनें ठरविलें. आणि २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीनें त्यासाठीं २००१ ची जनगणना प्रमाण मानली. २००२ च्या कायद्यान्वयें न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला. त्यांत निवडणूक आयोगाचा आणि त्या त्या राज्याच्या निवडणूक आयुक्ताचा समावेश होता. खासदार व आमदार यांस सहयोगी सभासद म्हणून बसण्याची मुभा होती, पण मत देण्याचा अधिकार नव्हता.

ही शेवटची तरतूद महत्त्वाची आहे. ज्यांस निवडून यावयाचें आहे त्यांच्याच हातीं रेषा आंखण्याचें काम दिलें तर काय होतें, हें अमेरिकेच्या इतिहासानें दाखविलें आहे. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकीर्दींत आपल्या पक्षास सोयीचा असा जो मतदारसंघ कोरण्यांत आला, त्याचा वेडावांकडा आकार सॅलमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याशीं मिळताजुळता दिसला. गव्हर्नरांचें आडनांव आणि त्या प्राण्याचें नांव यांची सांगड घालून वर्तमानपत्रांनीं ‘गेरीमँडर’ हा शब्द बनविला, आणि तो तेव्हांपासून इंग्रजी भाषेंत कायमचा राहिला. तेथें बहुतेक राज्यांत अजूनही हें काम विधिमंडळांकडेच असतें. आपल्या घटनेनें तो मोह टाळला, हें आपलें भाग्य म्हणावें लागेल.

आयोगाचा आदेश २००८ सालीं अंमलांत आला आणि २००९ च्या लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुका नव्या नकाशावर झाल्या. या नकाशांतही १९७६ चाच नेमकेपणा दिसतो. राज्याची वस्ती ९ कोटी ६९ लाख. एका जागेमागें सुमारें ३ लाख ३६ हजार माणसें. बेटाच्या जागा १७ वरून १० झाल्या, उपनगरांच्या १७ वरून २६, आणि ठाणें जिल्ह्याच्या १३ वरून २४. बेटावर एका जागेमागें ३ लाख ३४ हजार, उपनगरांत ३ लाख ३२ हजार, ठाण्यास ३ लाख ३९ हजार. तिघा भावांचें मत पुन्हा एका मोलाचें झालें. लोकसभेसाठींही ठाणें जिल्ह्यांत पूर्वीं ठाणें व डहाणू हीं दोनच नांवें होतीं; तेथें पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणें असे चार मतदारसंघ झाले.

५

न्याय झाला, परंतु तीस वर्षें तुंबलेला न्याय एका दिवसांत वाहूं लागला म्हणजे वाटेंत कांहीं वाहूनही जातें. बेटावरील सात जागा एकदम गेल्या. ऑपेरा हाऊस, खेतवाडी, उमरखाडी, नागपाडा, माझगांव, चिंचपोकळी, परळ, नायगांव, दादर, माटुंगा हीं नांवें विधानसभेच्या नकाशावरून पुसलीं गेलीं. हीं नुसतीं नांवें नव्हतीं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गिरणी कामगारांच्या चळवळी, पुढील काळांतील नव्या पक्षांचा उदय, या साऱ्यांची भाषा या नांवांत गोंविलेली होती. दादरचा आमदार, परळचा आमदार, असें म्हटलें कीं एक वस्ती, तिचा पेशा आणि तिचा स्वभाव डोळ्यांपुढें उभा राही. आतां त्यांतील वस्त्या शेजारच्या मोठ्या मतदारसंघांत वांटून टाकण्यांत आल्या. ज्यांचे शेजारी पिढ्यान् पिढ्या एकाच आमदाराकडे जात, ते निराळ्या दारांशीं जाऊं लागले.

उलट खाडीपलीकडे एक विलक्षण गोष्ट घडली. मागाठाणें, चारकोप, दिंडोशी, चांदिवली, कलिना हीं साष्टीच्या जुन्या खेड्यांचीं व पाड्यांचीं नांवें. तीं इमारतींच्या गर्दींत केवळ बसच्या पाटीपुरतीं उरलीं होतीं. त्यांस आतां विधानसभेंत एकेक आसन मिळालें. शंभर वर्षांपूर्वीं जेथें भाताचीं शेतें होतीं त्या गांवांचीं नांवें सभापतींच्या तोंडून पुकारलीं जाऊं लागलीं. नव्या वस्तीस जुनें नांव मिळालें, हा त्या वस्तीचा थोडासा सन्मानच झाला.

रेषा आंखतांना उपनगरांत आणखी एक गोष्ट ठळक झाली. वांद्रें, अंधेरी, घाटकोपर या प्रत्येक ठिकाणीं पूर्व आणि पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले, आणि त्यांच्यामध्यें सीमा म्हणून आगगाडीचे रूळ आले. गणिती दृष्टीनें ही सोयीची रेषा आहे. रूळ कोणासही दिसतात आणि त्यांविषयीं वाद होत नाहीं. पण वांद्र्याच्या पश्चिमेस टेकडीवरचे जुने बंगले आणि पूर्वेस सरकारी वसाहत व दाट झोपडवस्ती, हा भेद पूर्वीं सामाजिक होता. तो आतां राजकीयही झाला. एकाच प्रतिनिधीस दोन्ही बाजूंचें ऐकावें लागलें, तर निदान त्याच्या मनांत तरी रुळांवर पूल राहतो. समान स्वभावाच्या वस्त्या एकत्र आणाव्या कीं भिन्न वस्त्यांस एकत्र बांधून परस्परांचा विचार करावयास लावावें, हा मोठा प्रश्न आहे, आणि लॉर्ड सॅलिस्बरींनीं दिलेलें त्याचें उत्तर सर्वांनाच पटेल असें नाहीं.

निवडणुकीच्या निकालांवर नव्या रेषेचा परिणाम किती झाला, याविषयीं बेताचेंच बोलावें. २००६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेस २००९ सालीं मागाठाणें, विक्रोळी, पश्चिम भांडुप आणि पश्चिम घाटकोपर या उपनगरी जागा मिळाल्या, हें खरें. पण माहीम आणि शिवडी या बेटावरील जागाही तिलाच मिळाल्या. नवा मतदारसंघ जुन्या पक्षांच्या बांधणीस धक्का देतो, एवढेंच निश्चितपणें म्हणतां येईल. तो धक्का कोणाच्या पथ्यावर पडेल हें नकाशा सांगूं शकत नाहीं.

महापालिकेंतही हाच प्रवाह पुढें चालू राहिला. २०१७ च्या निवडणुकीपूर्वीं २२७ प्रभागांची फेररचना झाली, तींत बेटाचे प्रभाग ६३ वरून ५६ वर आले आणि ते सात उपनगरांकडे गेले. ज्या महापालिकेच्या हद्दीबाहेर उपनगरें १९५० पर्यंत होतीं, तिच्यांत आतां दर चार नगरसेवकांपैकीं तीन उपनगरांचे झाले.

६

२००८ च्या रेषेवरही काळ थांबून राहिला नाहीं. २०११ च्या जनगणनेंत बेटाची वस्ती घटून ३० लाख ८५ हजारांवर आली, उपनगरांची ९३ लाख ५७ हजार झाली, आणि ठाणें जिल्ह्याची १ कोटी १० लाख. त्या हिशेबानें राज्यांत एका आमदारामागें सरासरी ३ लाख ९० हजार माणसें होतीं. बेटावर हें प्रमाण ३ लाख ९ हजार, उपनगरांत ३ लाख ६० हजार, पण ठाणें जिल्ह्यांत ४ लाख ६१ हजार. कालच्या उपनगरांस न्याय मिळतो न मिळतो तों उपनगरच पुढें सरकलें. माटुंग्याचें स्थान बोरिवलीनें घेतलें होतें; आतां बोरिवलीचें स्थान कल्याण, बदलापूर, विरार यांनीं घेतलें. उपनगर ही एखादी कायमची जागा नव्हे. शहर ज्यास आंत घेऊं शकत नाहीं आणि ज्यावांचून चालूंही शकत नाहीं अशा माणसांची ती त्या त्या काळची वस्ती असते. म्हणून तिला न्याय एकदाच देऊन भागत नाहीं.

या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. रेषा हलविणें हा राजकीय निर्णय असतो हें सर्वांस दिसतें, आणि त्यावर वादही होतात. रेषा न हलविणें हाही तितकाच निर्णय आहे. पण तो दिसत नसल्यामुळें त्यावर कोणी भांडत नाहीं. १९७६ ते २००८ या काळांत उपनगरांतील नागरिकांनीं पाण्यासाठीं मोर्चे काढले, गाड्यांसाठीं रूळ अडविले. परंतु आमचें मत अडतीस-चाळीस पैशांचें कां, हा प्रश्न घेऊन लाखांचा मोर्चा निघाल्याचें कोणाच्या आठवणींत नाहीं. अर्धें माप पदरांत घेऊन माणूस घरीं जातो आणि आपणास पुरें माप मिळालें असेंच समजतो, कारण तराजू त्याच्या नजरेसमोर नसतो.

बेटावरील जुन्या वस्तीचें दुःखही खोटें नाहीं. दादरचें नांव पुसलें गेल्याची हळहळ ज्यास वाटते तो कांहीं अन्यायाचा पक्षपाती नव्हे. परंतु तें दुःख इतकें तीव्र झालें तें तीस वर्षांचें कर्ज एका हप्त्यांत फेडावें लागलें म्हणून. घटनाकारांच्या मूळ योजनेप्रमाणें १९८१, १९९१ आणि २००१ या तिन्ही जनगणनांनंतर राज्याच्या आंतील रेषा थोडथोडी सरकत गेली असती, तर बेटाची एखाददुसरी जागा दर वेळीं कमी झाली असती, शेजारच्या वस्त्यांस एकमेकांची संवय होण्यास अवसर मिळाला असता, आणि बोरिवलीकरासही आपल्या पुऱ्या मतासाठीं एक पिढी वाट पाहावी लागली नसती. राज्याराज्यांमधील जागांचा वाद अवघड आहे, आणि तो सुटेल तेव्हां सुटेल. त्याच्या दाव्यास शहराच्या आंतील रेषा पुन्हा बांधून ठेवण्याचें कारण नाहीं. १९७६ सालीं हे दोन प्रश्न एकाच गांठोड्यांत बांधले गेले, हीच खरी चूक होती.

विरारहून वा बदलापुराहून पहांटेच्या गाडीनें निघणारा मनुष्य ज्या शहरास आपला सारा दिवस देतो, त्या शहराच्या आणि राज्याच्या कारभारांत त्याचा शब्द चर्चगेटजवळ राहणाऱ्याच्या शब्दाइतकाच वजनदार असावा, ही मागणी कांहीं फार मोठी नाहीं. १९७१ ची मोजणी ताजी होती तेव्हां एकदां आणि २००९ सालीं एकदां, अशी दोनदां ती पुरी झाल्याचें आपण पाहिलें. तिसऱ्या वेळीं ती पुरी होण्यास पुन्हा तीस वर्षें लागूं नयेत, एवढेंच या आंकड्यांचें सांगणें आहे.